जाळीबाहेरचा माणूस

माणूस जे करतो त्याचा जाब त्याला द्यावा लागतो, ही शिकवण आपल्याला बालपणीच मिळते. माणूस जे पाहतो त्याचाही जाब असतो काय, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो. पाहणे म्हणजे काही करणे नव्हे, अशी आपली सोयीची समजूत आहे. डोळे उघडे होते, समोर घडत होते, म्हणून दिसले. त्यात पाहणाऱ्याचा दोष तो कोणता?

ही समजूत तपासून पाहायला लावणारा एक खेळ गेल्या तीस वर्षांत जगभर पसरला आहे. 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' हे त्याचे नाव. मराठीत मिश्र युद्धकला म्हणता येईल. कुस्ती, ज्युदो, जुजुत्सू, मुष्टियुद्ध, थायलंडची लाथाबुक्क्यांची लढत या सर्वांची त्यात सरमिसळ असते. जाळीने वेढलेल्या अष्टकोनी रिंगणात दोन माणसे एकमेकांवर तुटून पडतात. आपल्या घरांतील तरुण मुले हा खेळ मोबाइलवर पाहतात आणि सर्वांत थोर लढवय्या कोण यावर तासन्‌तास हिरिरीने वाद घालतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या नजरेला एखादा रक्ताळलेला चेहरा पडतो आणि 'हा कसला खेळ!' असे म्हणून ते तोंड फिरवतात. एकाला त्यात शौर्य दिसते, दुसऱ्याला क्रौर्य. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

खेळाचे दोन शेवट

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप' ही स्पर्धा प्रथम भरली. निरनिराळ्या युद्धकलांतील लढवय्ये एकाच रात्री एकमेकांशी झुंजले. वजनाचे गट नव्हते. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे सोडले तर जवळजवळ सर्व काही चालत होते. पहिल्याच लढतीत हॉलंडच्या गेरार्ड गोर्डोने खाली बसलेल्या तैला तुली या अगडबंब सुमो मल्लाच्या तोंडावर लाथ मारली, आणि त्याचा दात उडून प्रेक्षकांच्या दिशेने गेला. त्या रात्री अखेर जिंकला तो मात्र ब्राझीलचा सडपातळ रॉयस ग्रेसी. त्याने आपल्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर आणले, जखडून वा गळ्याला फास लावून शरण यायला भाग पाडले, आणि त्यासाठी कोणाचे हाड मोडावे लागले नाही.

या खेळाचे दोन्ही चेहरे असे पहिल्याच रात्री जगापुढे आले. पुढे सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज ठरवले आणि १९९६ मध्ये अमेरिकेतील सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रे लिहिली. न्यूयॉर्क राज्याने १९९७ मध्ये घातलेली बंदी २०१६ पर्यंत टिकली. दरम्यान न्यू जर्सी राज्याच्या पुढाकाराने २००० व २००१ च्या सुमारास एकसारखे नियम तयार झाले. वजनाचे गट आले, पातळ हातमोजे आले. पाच मिनिटांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या व किताबाच्या लढतीसाठी पाच, असे ठरले. डोक्याने धडक देणे, डोक्याच्या मागच्या बाजूवर ठोसे मारणे, पडलेल्या माणसाच्या डोक्यावर लाथ मारणे निषिद्ध झाले. डॉक्टर हजर राहू लागले. आजचा खेळ १९९३ च्या खेळाहून पुष्कळच शिस्तीचा आहे, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावयास हवे.

नियम बदलले तरी लढत संपवण्याच्या दोन वाटा कायम राहिल्या. पहिली वाट ठोशाची किंवा लाथेची. समोरच्याच्या मेंदूला असा हादरा बसावा की त्याची शुद्ध हरपावी, किंवा तो स्वतःचा बचाव करू शकणार नाही इतका खचावा. दुसरी वाट पकडीची. हात, पाय किंवा गळा अशा पेचात सापडतो की पुढच्या क्षणी हाड मोडेल वा शुद्ध जाईल, हे दोघांनाही कळते. त्या क्षणी अडकलेला माणूस प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थापटतो. याला 'टॅप' म्हणतात. टॅप पडला की पकड सोडावीच लागते.

वरवर पाहता दोन्ही वाटांनी विजयच मिळतो. नीतीच्या दृष्टीने मात्र त्यांत अंतर आहे. पहिल्या वाटेत इजा हेच साधन असते. ती झाल्यावाचून विजय पुरा होत नाही. दुसऱ्या वाटेत इजा शक्य आहे, पण ती करायची नसते. ती करता आली असती, हे दोघांनी मान्य करणे पुरेसे असते. एक माणूस दुसऱ्याच्या हाताचे हाड मोडण्याच्या स्थितीत असतो आणि केवळ दोन थापांवर विसंबून तो हात सोडून देतो. दुसरा आपले हाड त्या विश्वासावर सोपवतो. हिंसेच्या ऐन गाभ्यात असा करार पाळला जातो, हे या खेळाचे खरे मोठेपण आहे. आपल्या कुस्तीतही असेच काहीसे आहे. पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली झाली. त्यापुढे एकही हात उगारायचा नसतो.

जो थांबवतो त्याला काय मिळते?

शरण येणे लढवय्याला सोपे नसते. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा आणि रॉयसचा पिता हेलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुराने हेलिओचा हात पिळला. हाड मोडले, तरीही हेलिओने टॅप केला नाही. अखेर त्याचा भाऊ कार्लोस याने बाहेरून टॉवेल फेकून लढत थांबवली. त्या पकडीला ब्राझीलमध्ये आजही 'किमुरा' म्हणतात, हा पराभूतांनी विजेत्याला दिलेला सुंदर मान. चाहते हेलिओच्या न झुकण्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. टॉवेल फेकणाऱ्या भावाचे कौतुक त्या मानाने कोणी करीत नाही. पण जरा विचार केला तर दिसेल की त्या दिवशी हेलिओच्या हाताची काळजी वाहणारा माणूस तोच होता. स्वतः हेलिओने ती सोडून दिली होती.

याहूनही बोलका प्रसंग १९ जून २००४ रोजी लास व्हेगासमध्ये घडला. हेवीवेट किताबासाठी फ्रँक मिर आणि टिम सिल्व्हिया लढत होते. पहिल्या फेरीला मिनिटही झाले नव्हते. मिरने सिल्व्हियाचा हात पकडीत घेतला, आणि पंच हर्ब डीन यांनी अचानक धावत येऊन लढत थांबवली. सिल्व्हिया उठून तावातावाने सांगू लागला की मला काहीही झालेले नाही. सारे सभागृह पंचावर खवळले आणि हुर्यो उडाली. मग मोठ्या पडद्यावर तोच क्षण संथ गतीने पुन्हा दाखवला गेला. हाताचे हाड कोपराखाली काडीसारखे वाकून मोडताना सर्वांनी पाहिले. सभागृहाचा सूर बदलला. पंचाचा निर्णय बरोबर होता, हे पुढे सिल्व्हियानेही मान्य केले.

हजारो माणसे त्या हाताकडेच पाहत होती, आणि हाड मोडल्याचे एकट्या पंचाला दिसले. याचे कारण तो अधिक जवळ उभा होता एवढेच नव्हे. प्रेक्षक लढत पाहत होते, पंच माणूस पाहत होता. पुढे काय घडेल या उत्कंठेने पाहणाऱ्याला वेदना दिसत नाही, कारण वेदना दिसली तर उत्कंठा संपते. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याची नजर वेगळी असते. आईला तापलेले मूल हात न लावताही कळते, तसे हे आहे.

थांबवणाऱ्याची हेटाळणी करण्याची रीत फार जुनी आहे. रोममध्ये ग्लॅडिएटरांच्या झुंजी चालत असताना पूर्वेकडून आलेला तेलेमाखुस नावाचा एक संन्यासी थेट आखाड्यात उतरला आणि लढणाऱ्यांना आवरू लागला. संतापलेल्या प्रेक्षकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. इतिहासकार थिओडोरेट यांनी ही हकिकत नोंदवली आहे. सम्राट होनोरिअसने त्यानंतर या झुंजी बंद केल्या, असे ते सांगतात. ही घटना इ. स. ४०४ च्या सुमाराची मानतात. त्या संन्याशाला मारणारे ग्लॅडिएटर नव्हते. तलवारी ज्यांच्या हाती होत्या त्यांच्यापेक्षा जे 'केवळ पाहायला' आले होते त्यांचा क्रोध अधिक भयंकर ठरला.

पाहणाऱ्याचा वाटा

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या सहाव्या भागात आपला मित्र अलिपिअस याची कथा सांगितली आहे. कायद्याच्या अभ्यासासाठी रोमला आलेल्या या सज्जन तरुणाला अशा झुंजींचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढूनच नेले. शरीराने येईन पण मनाने येणार नाही, अशा निर्धाराने तो डोळे मिटून बसला. कोणीतरी पडले, जमाव गर्जला, आणि कुतूहलाने त्याचे डोळे उघडले. त्यानंतर ते मिटेनात. आला होता तो निघून गेला आणि त्याच्या जागी त्या जमावातलाच एक घरी परतला. पुढे तर तो इतरांनाही घेऊन येऊ लागला. हाच अलिपिअस नंतरच्या काळात थागास्ते नगरीचा बिशप झाला. त्याचे अधःपतन कायमचे नव्हते, ही दिलासा देणारी गोष्ट. पण ते किती सहज घडले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. अलिपिअसने कोणालाही मारले नव्हते. त्याने फक्त डोळे उघडले होते.

पाहणाराही भागीदार असतो, हा विचार ख्रिस्तसभेच्या इतिहासात कायद्याच्या भाषेतही उतरलेला आहे. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने द्वंद्वयुद्धाविरुद्ध कडक नियम केला. त्यात लढणारे व त्यांचे साथीदार तर दोषी होतेच. सल्ला देणारे आणि द्वंद्व पाहायला जाणारे प्रेक्षकही बहिष्काराच्या शिक्षेस पात्र ठरवले गेले. मिश्र युद्धकला म्हणजे द्वंद्वयुद्ध नव्हे. येथे जीव घेण्याचा हेतू नसतो, नियम असतात, पंच असतो. म्हणून ती शिक्षा जशीच्या तशी येथे लावणे अन्यायाचे होईल. पण त्या नियमामागील विचार साधा आणि खरा आहे. बघ्यांची गर्दी नसती तर पुष्कळ द्वंद्वे झालीच नसती. माणूस ज्यांच्या डोळ्यांपुढे अपमान सहन करू शकत नाही, ते डोळेच त्याच्या हातात तलवार देतात.

यावर खेळाचे समर्थक एक सबळ मुद्दा मांडतात. लढणारे सज्ञान असतात, स्वेच्छेने उतरतात, वर्षानुवर्षे तयारी करतात. त्यांच्यावर कोणी सक्ती केलेली नाही. शिवाय लढत संपताच ते एकमेकांना आलिंगन देतात. त्यांच्या मनात वैर नसते. हे सर्व बव्हंशी खरे आहे. मुष्टियुद्धात खाली पडलेल्याला दहा आकडे मोजेपर्यंत उठायची संधी देऊन पुन्हा मार खायला उभे केले जाते, तसे येथे होत नाही, हाही त्यांचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पण संमतीने सर्व प्रश्न सुटत नाहीत. लढवय्याची संमती त्याच्यापुरती असते. त्याने आपला देह पणाला लावायचे ठरवले, म्हणून तो पणाला लागलेला पाहून आनंद मानण्याचा अधिकार मला आपोआप मिळत नाही. भुकेल्या माणसाने संमतीने आपले रक्त विकले, तरी विकत घेणाऱ्याला स्वतःशी काही विचार करावा लागतोच. आणि येथे विकत घेणारे आपणच आहोत. ज्या 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप'ची मालकी २००१ मध्ये २० लाख डॉलरला विकली गेली, तिची २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरला विक्री झाली. हे मोल प्रेक्षकांच्या डोळ्यांचे आहे. लढवय्यांना त्यातला योग्य वाटा मिळत नाही, असे म्हणत काही लढवय्यांनी २०१४ मध्ये कंपनीविरुद्ध दावा लावला, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने ३७ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीला मान्यता दिली. ज्यांचा घाम व रक्त सांडते त्यांना आपल्या मोबदल्यासाठी दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, एवढे तरी प्रेक्षकाने विसरू नये.

थोर कोणाला म्हणावे?

आता मुलांच्या वादाकडे वळू. हा वाद पोरकट म्हणून झटकून टाकण्याचे कारण नाही. आपल्या आजोबांच्या पिढीनेही तो घातला आहे. गामा पहिलवानाने १९१० मध्ये लंडनला झिबिस्कोशी केलेली अनिर्णित लढत आणि १९२८ मध्ये पतियाळाला त्याच झिबिस्कोवर मिनिटभरात मिळवलेला विजय, यांवर कुस्तीच्या फडांभोवती किती चर्चा झडल्या असतील! कोणाला मान द्यावा हे ठरवणे म्हणजे आपण कशाला मानतो हे ठरवणे. म्हणून वाद ऐकताना नावांपेक्षा कारणांकडे लक्ष द्यावे.

एक म्हणतो, दागिस्तानचा खबीब नुर्मागोमेदोव्ह. २९ लढती, २९ विजय, एकही पराभव नाही. दुसरा म्हणतो, रशियाचा फेडोर एमेलियानेन्को. जवळजवळ दहा वर्षे त्याला कोणी हरवू शकले नाही. तिसरा ब्राझीलच्या अँडरसन सिल्व्हाचे नाव घेतो, ज्याने २००६ ते २०१३ किताब आपल्याकडे राखला. चौथ्याला अमेरिकेचा जॉन जोन्स सर्वांत गुणवान वाटतो. २०११ मध्ये केवळ तेविसाव्या वर्षी तो विजेता झाला. पाचवा कॅनडाच्या जॉर्ज सेंट-पिएरकडे बोट दाखवतो, तर सहावा अमांडा नुनेसचे नाव घेऊन विचारतो की या यादीत स्त्रिया का नकोत?

वजने वेगळी, काळ वेगळा, नियमही कधी कधी वेगळे. तेव्हा गणिताने हा वाद सुटणार नाही. पण काही प्रश्न त्यातून उभे राहतात ते महत्त्वाचे आहेत. जॉन जोन्सच्या कौशल्याबद्दल दुमत नाही. पण २०१५ मध्ये मोटारीचा अपघात करून तो घटनास्थळावरून पळाला. त्या अपघातात एका गर्भवती स्त्रीचा हात मोडला होता. पुढे उत्तेजक चाचणीत तो दोषी आढळला, आणि २०१७ मधील त्याचा एक मोठा विजय रद्द झाला. ते द्रव्य त्याने जाणूनबुजून घेतले नसावे असे लवादाने मानले, तरी तो निकाल पुसला गेला तो गेलाच. कौशल्य आणि थोरवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय? मुलांना हा प्रश्न विचारून पाहावा. त्यांची उत्तरे अनेकदा मोठ्यांपेक्षा प्रामाणिक असतात.

दुसरे उदाहरण डिमेट्रिअस जॉन्सनचे. ५७ किलोंच्या आतील गटातला हा लहानखुरा माणूस. २०१२ ते २०१८ या काळात त्याने ११ वेळा किताब राखला. २०१७ मध्ये त्याने प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटता आपटता, तो जमिनीवर पोचण्यापूर्वीच, त्याच्या हाताची पकड साधली. जाणकार आजही त्या क्षणाचे वर्णन करताना थकत नाहीत. तरीही त्याला गर्दी कधी लाभली नाही. कंपनीने अखेर त्याला दुसऱ्या संस्थेकडे जाऊ दिले. तो शिवीगाळ करीत नसे, दर लढतीत कोणाला बेशुद्ध पाडीत नसे. कलेची पारख आम्ही करतो असे म्हणणाऱ्या प्रेक्षकवर्गाने कलेकडे पाठ फिरवली. आपल्याला खरोखर काय पाहायचे असते, याचे उत्तर येथे मिळते, आणि ते फारसे सुखावह नाही.

याद्यांत ज्यांची नावे नसतात त्यांचाही विचार व्हायला हवा. १९९६ मध्ये गॅरी गुडरिज या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या कॅनडाच्या लढवय्याने अवघ्या तेरा सेकंदांत प्रतिस्पर्ध्याला कोपराच्या भीषण प्रहारांनी बेशुद्ध केले. तो प्रसंग चाहते अजूनही आवडीने पुन्हा पुन्हा पाहतात. गुडरिज त्यानंतर बरीच वर्षे लढत राहिला, मुष्टी आणि लाथांच्या लढतींतही उतरला, आणि अखेरच्या काळात सतत मार खात गेला. आज मेंदूला झालेल्या इजेमुळे त्याची स्मृती आणि वाचा दोन्ही बाधित झाली आहेत. त्या तेरा सेकंदांची चित्रफीत जशीच्या तशी आहे. ज्याने ते प्रहार केले त्याच्याच स्मृतीतून दिवस निसटत चालले आहेत. लास व्हेगासमध्ये क्लीव्हलंड क्लिनिकने २०११ पासून लढवय्यांच्या मेंदूंचा दीर्घ अभ्यास चालवला आहे. लढतींची संख्या वाढते तसे मेंदूच्या काही भागांचे आकारमान घटलेले दिसते, असे त्यात आढळले. प्रत्येक विजेत्याच्या नावापुढे जे आकडे आपण पाठ करतो, त्यांतला प्रत्येक आकडा म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर बसलेला मारही असू शकतो.

थांबण्याचे धैर्य

माझ्या मते या वादात एक कसोटी सहसा वापरली जात नाही, ती म्हणजे कोणाला थांबता आले. २००४ साली तरुण सेंट-पिएर मॅट ह्यूजकडून हरला, तेव्हा पहिली फेरी संपायला अवघा एक सेकंद उरला असताना त्याने टॅप केला. एक सेकंद कळ सोसली असती तर घंटा वाजली असती. त्याने सोसली नाही. हात वाचला, पुढच्या दोन्ही लढतींत त्याने ह्यूजला हरवले, आणि २०१३ मध्ये नऊ वेळा किताब राखून झाल्यावर स्वतःहून बाजूला झाला. मग चार वर्षांनी एकदाच परतून, वरच्या वजनी गटाचा किताबही जिंकून, तो पुन्हा निघून गेला. खबीबचेही तसेच. २०१८ मध्ये विजयानंतर जाळी ओलांडून त्याने प्रतिस्पर्ध्याच्या साथीदारावर झेप घेतली होती. तो क्षण त्याला शोभणारा नव्हता. पण २०२० च्या जुलैमध्ये त्याचे वडील, जे त्याचे वस्तादही होते, निवर्तले. ऑक्टोबरमध्ये शेवटची लढत जिंकल्यावर त्याने हातमोजे रिंगणातच ठेवले. वडिलांवाचून लढणार नाही असा शब्द आईला दिला होता, असे त्याने सांगितले. तिसावा विजय त्याच्या हाताशी होता. आईला दिलेला शब्द त्याने त्याहून मोठा मानला.

उलट अँडरसन सिल्व्हा किताब गेल्यानंतर सात वर्षे त्याच स्पर्धेत लढत राहिला आणि त्या काळात त्याच्या नावावर एकच विजय टिकला. फेडोर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शेवटचा हरून निवृत्त झाला. त्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. टाळ्यांचा आवाज थांबल्यावर उरणारी शांतता सोसणे ठोसा सोसण्याहून कठीण असते, हे कोणत्याही निवृत्त माणसाला ठाऊक आहे. आणि ते पुन्हा पुन्हा रिंगणात येत राहिले याला आपल्या टाळ्याही कारण होत्या.

लढवय्याने थांबावे, पंचाने थांबवावे, कोपऱ्यातल्या भावाने टॉवेल फेकावा, असे आपण म्हणतो. मग पाहणाऱ्याने काय करावे? घरात बंदीचा हुकूम काढून हा प्रश्न मिटणार नाही. बंदी घातलेली गोष्ट मुले एकट्याने पाहतात, आणि एकट्याने पाहणे अधिक वाईट. माझी सूचना साधी आहे. एखाद्या संध्याकाळी मोठ्यांनी मुलांच्या शेजारी बसावे आणि एक लढत शेवटपर्यंत पाहावी. नाके मुरडू नयेत. मुले पकडींची नावे सांगतील, ती ऐकावीत. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ असते. उत्तर प्रदेशातील पूजा तोमर २०२४ मध्ये या स्पर्धेत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, हे मुले अभिमानाने सांगतील. त्या अभिमानात सामील व्हावे. मात्र पंच मध्ये धावून येतो त्या क्षणी पडद्याकडे न पाहता स्वतःकडे पाहावे. लढत थांबली म्हणून आपल्याला हायसे वाटले, की आणखी दोन ठोसे पाहायला मिळाले असते तर बरे, असे वाटले?

पहिले उत्तर येत असेल, तर आपण लढणाऱ्या माणसांना माणसे म्हणून पाहत आहोत आणि त्यांच्या धैर्यापासून काही घेतही आहोत. दुसरे उत्तर येत असेल, तर पडदा बंद करण्याची वेळ झाली आहे. हे उत्तर दर वेळी निराळे येईल. थकून घरी आलेल्या रात्री एक, प्रसन्न सकाळी दुसरे. म्हणून ही परीक्षा एकदा देऊन भागत नाही. जाळीच्या आत जो उभा आहे त्याला हाताने दोन थापा मारून थांबता येते. जाळीबाहेरच्या माणसाला पंच नाही, घंटा नाही, टॉवेल फेकणारा भाऊ नाही. त्याला स्वतःलाच थांबावे लागते.